एक्केचाळीस घरांची मळी

माधवी किणयेकर सतरा वर्षं लोकांची दारं वाजवत आली आहे. पोलिओचा सर्वे, संडासांचा सर्वे, गॅसच्या शेगड्यांचा सर्वे, एकदा तर घरात कुठली साबणवडी वापरता याचाही सर्वे. लोकांच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची सरकारला, कंपन्यांना आणि विद्यापीठांना भारी हौस असते, पण स्वतः उन्हातान्हात येऊन विचारायचा कंटाळा. या हौसेच्या आणि कंटाळ्याच्या मधल्या जागेत माधवीसारख्यांचं पोट चालतं.

तिचं माहेर बेळगुंदीचं, भात पिकवणारं घर. सासर पिरनवाडी. नवरा परशराम उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतकामाला. माधवी मराठी घरात मराठी बोलते, कन्नड घरात कन्नड, आणि जिथं दोन्ही चालतात तिथं दोन्हीची मिसळ. कुठल्या घरात सासूसमोर सून तोंड उघडत नाही, कुठल्या घरात माणूस उत्पन्न विचारल्यावर तिरका होतो, हे तिला उंबऱ्यावरच कळतं. कागदावरचे लांबलचक प्रश्न लोकांना कळत नाहीत, म्हणून ती ते सोलून, बिया काढून, दोन शब्दांत विचारते. नव्या पोरींना ती सांगायची, "लोक उत्तर चुकीचं देत नाहीत गं, आपण प्रश्न अवघड विचारतो." सांगायची आणि स्वतःवर खूश व्हायची. अशी स्वतःवर खूश असलेली माणसं नशिबाला बरोबर सापडतात.

गेल्या पावसाळ्यात तिला चंदळवाडचं काम मिळालं. निपाणीच्या पुढं चिकोडीकडे, कृष्णेच्या काठावरचं हे गाव. निम्मी घरं जैनांची, निम्मी मराठ्यांची आणि इतरांची. भांडण एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत मिटतं. तिथं नदीवर मालवाहू बोटींचं टर्मिनल होणार होतं. साखर, सिमेंट, खत, सगळं पाण्यातून जाणार. गावानं त्याचं नाव लगेच मालधक्का ठेवलं. गावातले म्हातारे बाळगोंडा पाटील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, पारावर बसून म्हणायचे, "मे म्हैन्यात हितं म्हशीची पाठ भिजत न्हाय, आन ह्ये जहाज आणाय लागल्यात." कंपनीचं म्हणणं होतं, नदी खोल करू. करतीलही. पैसा असला की माणूस नदीला सुद्धा उकरतो.

पण उकरण्याआधी कायद्याप्रमाणे अभ्यास करावा लागतो. टर्मिनल झालं तर पाण्याचं काय होईल, माशांचं काय होईल, माणसांचं काय होईल. हा अभ्यास बेळगावातल्या एका सल्लागार कंपनीकडे आला. तिथला फील्डचा साहेब आदर्श, तिशीतला, गोड बोलणारा आणि सदा घाईत. पाण्याचं आणि माशांचं बघायला पुण्याहून दोन तज्ज्ञ आले, बाटल्या भरून, फोटो काढून, कासवं मोजून गेले. माणसांचं बघायला आली माधवी.

भाद्रपदाचे दिवस होते. कृष्णा दोन्ही काठ भरून, थेट नदीवेशीतल्या लिंबाच्या बुंध्याला लागली होती. माधवीच्या वाट्याला नदीवेस गल्ली आली, एक्केचाळीस घरं. फॉर्ममध्ये सव्वीस प्रश्न. एकोणिसावा असा होता: 'आपल्या परिसरातील नदीच्या पाण्यात साखर कारखान्याची मळी, सांडपाणी अथवा तत्सम दूषित घटक मिसळत असल्याचे आपल्या निदर्शनास आले आहे काय?' हा प्रश्न ज्यानं लिहिला त्याला एकदा नदीवेस गल्लीत उभं करून वाचायला लावायला हवं होतं. माधवीनं नेहमीप्रमाणे तो सोलला. दोन वर्षांपूर्वी तिनं एका साखर कारखान्याभोवतीच्या गावांचा सर्वे केला होता, तेव्हा लोक नाकाला पदर लावून त्या काळ्या, आंबूस वासाच्या मळीबद्दल तासन्‌तास बोलायचे. साखर काढल्यावर उरते ती मळी. ती नदीत सोडली की मासे मरतात. तिला माहीत असलेली मळी तेवढीच.

पहिलंच घर अंबुबाईचं. साठीतली बाई, अंगानं वाळकी, आवाजानं खणखणीत. माधवीनं विचारलं, "मावशी, नदीला मळी हाय काय हो?"

"हाय की!" अंबुबाईचा चेहरा उजळला. "समद्या गल्लीची हाय."

माधवीनं 'होय'वर खूण केली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. "हाय तर! लई झ्याक हाय!" असंही एक जण म्हणाला. घाण येते म्हणून सांगताना माणसं इतकी खूश कशी होतात, याचं तिला जरा नवल वाटलं. पण माणसं विचित्र असतात हे तिला सतरा वर्षांत कळलं होतं, आणि एसटी साडेपाचची होती. विसावा प्रश्न नदीकाठाच्या वापराचा. पर्याय पाच: धुणं, जनावरं, मासे, वीटभट्टी, काही नाही. शेती हा शब्द त्यात नव्हताच. आणि मळीचं तर आत्ताच सांगून झालंय म्हणून गल्लीतलं कोणी पुन्हा सांगत बसलं नाही. धुणं, जनावरं. धुणं, जनावरं. चार दिवसांत एक्केचाळीस फॉर्म भरून झाले. प्रत्येकाच्या तळाला माधवीची सही.

माघात जनसुनावणी ठरली. अभ्यासाचा रिपोर्ट तयार झाला की तो गावासमोर ठेवायचा, हरकती ऐकायच्या, मग वरती मंजुरी. सुनावणीआधी रिपोर्टाचा चार पानी सारांश घरोघर वाटायचं काम पुन्हा माधवीकडे आलं. कन्नड प्रती अजून छापायच्या होत्या, मराठी तयार होत्या. या वेळी आदर्शनं गोड बातमीही दिली होती. सुनावणी नीट पार पडली की माधवीला सुपरवायझर म्हणून कायम करणार, नेमणूकपत्र टाइप होऊन त्याच्या टेबलावर आहे. सतरा वर्षं ती 'कामापुरती' होती. दर कामाला नवं ओळखपत्र, काम संपलं की परत. बातमी ऐकून तिनं फौंड्रीत फोन लावून परशरामला भट्टीसमोरून बाहेर बोलावलं होतं.

रविवारी सकाळी ती चंदळवाडला उतरली, पारापासून घरोघर प्रती वाटत नदीवेशीपर्यंत आली, वेशीतून पुढं गेली आणि थांबलीच. नदी खाली गेली होती, पार खाली. भाद्रपदात जिथं नुसतं तांबडं पाणी होतं, तिथं आता हिरवंगार रान पसरलं होतं. वांगी, मेथी, कांदा, काकडीचे वेल, पाण्याच्या कडेला हरभरा. मधून मधून पायवाटा, आणि प्रत्येक तुकड्यात वाकलेली माणसं. तिला वाटलं आपण गाव चुकलो.

अंबुबाईनं तिला लांबूनच ओळखलं. टोपली काखेत धरून वर आली आणि चार-पाच जांभळी, गुळगुळीत वांगी तिच्या पिशवीत कोंबली.

"घे गं बाई. मळीची वांगी हाईत. आसली बेळगावात मिळायची न्हाईत."

"कसली वांगी म्हणालात, मावशी?"

"मळीची. आमच्या मळीची." अंबुबाईनं नदीकडे हात केला. "ह्यी काय, समूर दिसतीया ती मळीच न्हवं काय?"

पावसाळ्यात नदी गाळ आणून काठाला टाकते, दिवाळीला पाणी उतरलं की तो गाळ उघडा पडतो, लोण्यासारखा मऊ. त्या जमिनीला इथं मळी म्हणतात. नदीवेस गल्लीचं अर्धं वर्ष त्या मळीवर निघतं. कागदावर ती नदीचं पात्र, म्हणजे सरकारची, म्हणजे कुणाचीच नाही. पण दरवर्षी दिवाळीनंतर बाळगोंडा आप्पा काथ्याची दोरी घेऊन उतरतात, गल्लीसमोर मळी मोजतात, आणि एक्केचाळीस घरांना एक्केचाळीस पट्टे वाटून देतात. पुराचं पाणी खुणा पुसून टाकतं, म्हणून वाटणी दरसाल नवी. आजवर त्यावरून एकही मारामारी झालेली नाही, आणि त्याचा एकही कागद नाही. हे सगळं अंबुबाई तिला कौतुकानं सांगत होती, आणि माधवीला आपला आवाज ऐकू येत होता: नदीला मळी हाय काय हो? हाय की!

बेळगुंदीला भात. तिथं नदी अशी जमीन टाकून जात नाही. हा शब्द तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण विचारायचं कारण होतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

तेवढ्यात खुद्द आप्पाच सारांशाचं पान फडकवत आले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण चाल तरण्या गड्याची.

"बाई, तू लई मोटं काम केलंस बग," ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचायला लागले, "'नदीकाठी मळी असल्याचे एक्केचाळीस कुटुंबांनी सांगितले.' ऐकलं काय रं? उताऱ्याला न्हाय, नकाशात न्हाय, आमच्या आज्या-पणज्यापासनं कुटल्या कागदानं आमची मळी बगितली न्हवती. ह्या पोरीनं बगितली."

मळीतली माणसं गोळा झाली. कुणीतरी माधवीला पाणी दिलं. आप्पा सगळ्यांना बजावत होते, "मंगळवारी सभंत कुणी दंगा करायचा न्हाय. मळी कागदाला लागली. आता धक्का आला तर आमाला इच्यारल्याबिगर त्येंला हात लावता यायचा न्हाय."

माधवीनं तेव्हाच बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही, पण वीस माणसं तिच्याकडे लेकीकडे बघावं तशी बघत होती. ती म्हणाली, "येते मी, एसटीची वेळ झाली," आणि निघाली. पुढच्या एसटीला अजून दीड तास होता.

निपाणीच्या बसस्थानकावर बसून तिनं मोबाइलवर पूर्ण रिपोर्ट उघडला. तो इंग्रजीत, तीनशे चाळीस पानांचा. तिचं इंग्रजी बेतास बात, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं. नदीतल्या कासवांना दीड पान. पाणमांजरांना अख्खं पान, फोटोसकट. आणि नदीवेस गल्लीला तीन ओळी: काठावर साखर कारखान्याच्या मळीचं प्रदूषण, काठाचा शेतीसाठी वापर नाही, टर्मिनलमुळे उलट स्वच्छता होईल. बाधित कुटुंबं: शून्य. तिथंच, अगदी लिंबाच्या खाली, गोदामाची आखणी.

तिनं आदर्शला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं.

"माधवीताई, रिपोर्ट सबमिट झालाय," तो म्हणाला. "आता त्यात काही बदलता येत नाही. लोकांना हरकत असेल तर ते सुनावणीत मांडतील की. सुनावणी असते कशाला?"

"ते मांडणार नाहीत, सर. त्यांना वाटतंय त्यांची जमीन नोंदली गेलीय. मराठी कागदावर मळीच लिहिलंय ना."

"मग आपण काय खोटं लिहिलं? मळीच लिहिलंय." तो हसला, पण ते हसू पुरतं आलं नाही. "हे बघा, तुम्ही मंगळवारी या, रजिस्टरवर लोकांच्या सह्या घ्या, आणि गप्प बसा. फॉर्मवर सही तुमची आहे, माझी नाही. उद्या चौकशी लागली तर तुमचंच नाव निघेल. आणि तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे, विसरू नका."

रात्री घरी परशरामनं मळीच्या वांग्याची भाजी दोनदा वाढून घेतली. माधवीनं सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. तो वाईट माणूस नाही. तीस वर्षं तापलेलं लोखंड ओततोय, ओतून झालेलं परत घेता येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"गप ऱ्हा तू," तो शेवटी म्हणाला. "तज्ज्ञ आलते न्हवं पुण्यासनं? त्येंच्या डोळ्याला काय झालतं? तुझ्या एकटीच्या मानेवर का म्हणून?"

"त्यांनी पाणी बघितलं. माणसांशी मी बोलले."

"आगं, सतरा वर्सं वाट बगितलीस त्या पत्राची."

ते तिलाही कळत होतं. म्हणून तर ती त्याच्यावर चिडली. भांडी आपटली, दिवा मालवला, आणि दोन्ही रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहिली. सांगितलं तर पत्र गेलं, कामं गेली, आणि बेळगावातल्या सगळ्या कंपन्यांत नाव झालं की ही बाई फॉर्म चुकीचे भरते. नाही सांगितलं तर एक्केचाळीस घरांची मळी गेली, आणि ती गेली हे त्यांना कळायलाही वर्ष लागेल, पोकलेन दारात उभा राहील तेव्हा. तिसरा रस्ता तिनं खूप शोधला. निनावी पत्र, आप्पांना फोन. पण निनावी पत्र कोण वाचतं, आणि फोनवर काय सांगायचं? मी तुमच्या जमिनीला घाण लिहून आले? दोनदा तिनं आप्पांचा नंबर काढला आणि दोनदा मोबाइल उशीखाली सारला. स्वतःची तिला भयंकर लाज वाटत होती.

मंगळवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. वर फलक कन्नडात, त्यावर 'सार्वजनिक अहवालु सभे'. कन्नडात अहवालु म्हणजे गाऱ्हाणं, मराठीत अहवाल म्हणजे रिपोर्ट. त्या दिवशी फलकाचा मराठी अर्थच खरा ठरला. कंपनी रिपोर्ट घेऊन आली होती, गाऱ्हाणं कुणीच आणलं नव्हतं. माणसं धुतलेल्या कपड्यांत, सणाला आल्यासारखी बसली होती. अंबुबाईनं माधवीला आपल्याशेजारी जागा धरली होती. माधवी तिकडे गेलीच नाही, रजिस्टर घेऊन मांडवाच्या खांबापाशी उभी राहिली.

जिल्ह्याचे अधिकारी मधल्या खुर्चीत. पन्नाशीचे, कमी बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. मराठी त्यांना कळत होतं, बोलायला ते कन्नडच बोलत. आदर्शनं पडद्यावर बोटींची चित्रं दाखवली, कासवं दाखवली. मग हरकती. एकानं ट्रकच्या धुळीचं विचारलं. एकानं पोरांना नोकऱ्या मिळणार काय ते विचारलं. कारकून लिहून घेत होता. प्रत्येक प्रश्न संपला की माधवीला वाटायचं आता कुणीतरी विचारेल, आता कुणीतरी तिला वाचवेल. कुणी विचारलं नाही.

शेवटी बाळगोंडा आप्पा उठले. हातात माइक धरायची सवय नव्हती, तो त्यांनी गडवा धरावा तसा धरला.

"आमचं काय गाऱ्हाणं न्हाय, साहेब," ते म्हणाले. "रिपोर्टात आमची मळी घेतल्यासा, त्येचं आभार मानाय उटलो. मळीचं जे काय करायचं त्ये आमाला इच्यारून करा म्हंजे झालं."

आदर्शनं हात जोडून मान डोलावली. "नक्की, आप्पा. मळीची नोंद आहेच."

टाळ्या पडल्या. अंबुबाईनं सगळ्यात जोरात वाजवल्या. कारकुनानं वहीत ओळ ओढली. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि सहीसाठी वही पुढं ओढली.

त्या टाळ्या माधवीला सहन झाल्या नाहीत. तिनं पुढं अनेकांना सांगितलं की मी विचार करून उठले. तसं काही नव्हतं. ती खांबापासून सुटली आणि आपण चालतोय हे तिला टेबलाशी पोचल्यावर कळलं.

"साहेब, सही करू नका," ती म्हणाली. "रिपोर्टातली मळी ही नव्हे."

आदर्श अर्धवट उठला. "मॅडम, तुम्ही रजिस्टर बघा."

माधवी गावाकडे वळली. समजावून सांगायला तिच्याकडे पुष्कळ शब्द होते, रात्रभर जुळवलेले. त्यातला एकही आठवेना. मग ती एकच शब्द कन्नडात बोलली.

"काकंबी," ती म्हणाली. "रिपोर्टात मळी म्हणजे काकंबी लिहिलीय. कारखान्याची."

मांडवात प्रत्येकाला दोन्ही भाषा येत होत्या. साखरेच्या पट्ट्यात काकंबी म्हणजे कारखान्याची काळी मळी हे शेंबड्या पोराला माहीत असतं. आप्पांच्या हातातला माइक खाली गेला. अधिकाऱ्यांनी टोपण पेनाला परत लावलं, रिपोर्टाची पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवून बराच वेळ वाचलं.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"ही आमची कायम कर्मचारी नाही, सर," आदर्श म्हणाला. "टेंपररी आहे. पर्मनंट केलं नाही म्हणून जरा..."

"मी लिहिलं," माधवी म्हणाली. "एक्केचाळीस फॉर्म माझ्या हातचे आहेत. प्रश्न मी चुकीचा विचारला. ह्या लोकांनी बरोबर उत्तर दिलं. चूक माझी."

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी आदर्शच्या अंगावर धावलं, कुणी पडद्याची वायर ओढली, पोलीस मधे पडले. पण माधवीला त्यातलं काही ऐकू आलं नाही, कारण अंबुबाई तिच्यासमोर येऊन उभी होती. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आयतवारी म्या तुला वांगी दिलती," अंबुबाई म्हणाली. "तवा ठावं हुतं तुला?"

"व्हय," माधवी म्हणाली.

"आन तू घेऊन गेलीस."

माधवीनं मान खाली घातली. अंबुबाई वळून गर्दीत गेली.

गलका निवल्यावर अधिकाऱ्यांनी निकाल सांगितला. मळीवर जाऊन ते स्वतः आत्ता बघून येतील. पण एका सर्वेवालीच्या बोलण्यावर रिपोर्ट परत पाठवता येत नाही. ज्यांची मळी आहे त्या प्रत्येक घराची लेखी हरकत हवी, नावानिशी, सहीनिशी, आजच. पाचला वही बंद होईल. मांडवातल्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आदर्शनं जाता जाता माधवीच्या गळ्यातलं ओळखपत्र मागितलं. तिनं काढून दिलं.

शाळेतनं बाकं बाहेर आली. एका बाकावर आप्पा स्वतः लिहायला बसले, दुसऱ्यावर शाळेतल्या क्षमा टीचर. दोन्हीपुढं रांगा लागल्या. आप्पा एकेक अक्षर कोरून काढत होते, एकेक अर्ज दहा-दहा मिनिटं चालला होता. एक्केचाळीस घरं, दोन माणसं, पावणेदोन तास. हिशेब बसत नव्हता हे कुणालाही दिसत होतं. माधवी तिसऱ्या बाकावर जाऊन बसली, पिशवीतून कोरे कागद काढले, पेन काढलं. तिच्यापुढं कुणी आलं नाही. लोक तिच्या बाकाला वळसा घालून रांगेच्या शेवटी उभे राहत होते. उठून जावं, असं तिला शंभरदा वाटलं. साडेतीनची एसटी शाळेवरूनच गेली, कंडक्टरनं हात पण केला. ती बसून राहिली. वीस मिनिटं गेली. आयुष्यात एवढा वेळ ती कोऱ्या कागदापुढं कधी बसली नव्हती.

मग समोरचं बाक करकरलं. अंबुबाई येऊन बसली होती. तिच्या नखांत मळीची माती होती.

"लिव," ती म्हणाली.

माधवीनं लिहिलं. नाव, गाव, गल्ली. 'माझी नदीकाठी मळी आहे. दरवर्षी दोरी टाकून पट्टा मिळतो. त्यावर माझ्या घराचं सहा महिने चालतं. मालधक्क्याच्या गोदामामुळे ती जाणार आहे. माझी हरकत आहे.' तिनं सहीसाठी कागद पुढं सरकवला. अंबुबाईनं हात पुढं केला नाही.

"वाचून दाव."

सतरा वर्षांत, हजारो फॉर्मांत, हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि तिनंही आपणहून कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. माधवीनं कागद उचलला आणि वाचायला लागली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिनं वाचलं. अंबुबाई डोळे मिटून ऐकत होती. मागं रांगेतली चार-पाच माणसं हळूच तिसऱ्या बाकाकडे सरकली आणि तीही ऐकत उभी राहिली.

वाचून झालं. अंबुबाईनं पेन हातात घेतलं, मग परत खाली ठेवलं.

"मळी म्हंजे काय त्ये बी लिव," ती म्हणाली. "उद्या दुसरं कोन तरी शिकल्यालं यील."